निकालपत्रकातील फेरफार: ज्याने फक्त सही केली, तोही तुरुंगात

'काही होण्यासारखे आहे का?' निकाल लागला आणि मुलगा किंवा मुलगी दोनचार गुणांनी मागे राहिली की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरात हळूच विचारला जातो. कोणाच्या तरी मेहुण्याची परीक्षा मंडळात ओळख असते, कोणाला एखादा 'काम करून देणारा माणूस' ठाऊक असतो. मग आकडा सांगितला जातो आणि घरात चर्चा सुरू होते ती एवढे पैसे कसे उभे करायचे याची. आपण जे करायला निघालो आहोत तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात उद्या आपल्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल, हा विचार त्या चर्चेत सहसा नसतोच.

याला कारणही आहे. परीक्षेतील लबाडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कॉपी करणारा विद्यार्थी येतो. फार तर निकाल रद्द होईल, एकदोन वर्षे परीक्षेला बसू देणार नाहीत, असे आपण धरून चालतो. परंतु उत्तरपत्रिकेवरचा, गुणतक्त्यावरचा किंवा संगणकातला आकडा बदलणे ही कॉपी नव्हे. कायद्याच्या भाषेत ती बनावट दस्तऐवज तयार करण्याची कृती आहे. खोटी नोट छापणारा आणि खोटे मृत्युपत्र करणारा ज्या जातीचा गुन्हा करतो, त्याच जातीचा हा गुन्हा. हे किती खरे आहे ते दिल्लीच्या एका न्यायालयाने २०१३ साली दाखवून दिले.

एकाच निकालात पंचावन्न दोषी

प्रकरण होते हरियाणातील प्राथमिक शिक्षकांच्या भरतीचे. १९९९ साली ओमप्रकाश चौटाला हरियाणाचे मुख्यमंत्री झाले. शिक्षण खातेही त्यांच्याकडेच होते. ३,२०६ कनिष्ठ प्राथमिक शिक्षक नेमायचे होते. जिल्ह्याजिल्ह्यात निवड समित्या नेमल्या गेल्या, मुलाखती झाल्या, समित्यांनी गुण दिले आणि गुणांच्या याद्या तयार झाल्या. निकाल जाहीर करणे एवढेच काम उरले होते. पण निकाल लगेच जाहीर झाला नाही.

जाहीर झाला तो २००० साली, आणि तो मूळ याद्यांवरून नव्हता. त्या याद्यांच्या जागी दुसऱ्याच याद्या आल्या होत्या. समित्यांच्या सदस्यांना दिल्लीतील हरियाणा भवनात आणि चंडीगडच्या एका अतिथिगृहात बोलावून, नव्या गुणांच्या याद्यांवर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणणे होते. ज्यांना मुलाखतीत कमी गुण होते ते वर गेले, ज्यांना जास्त होते ते खाली आले. कागद तेवढे बदलले, मुलाखती पुन्हा झाल्या नाहीत.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले ते हरियाणाच्या प्राथमिक शिक्षण खात्याचे माजी संचालक संजीव कुमार यांनी. २००३ साली न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. २००४ मध्ये गुन्हा नोंदवला गेला, २००८ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. आरोपी होते ६२. खटला चालू असताना त्यातील सहाजणांचा मृत्यू झाला, एकाला आरोपातून वगळण्यात आले. उरलेल्या सर्व ५५ जणांना दिल्लीतील रोहिणी येथील विशेष न्यायाधीश विनोद कुमार यांनी १६ जानेवारी २०१३ रोजी दोषी ठरवले आणि २२ जानेवारीला शिक्षा सुनावली. चौटाला आणि त्यांचे पुत्र अजय यांच्यासह दहाजणांना दहा वर्षे, एकाला पाच वर्षे आणि ४४ जणांना चार वर्षे कारावास.

दिल्ली उच्च न्यायालयाने ५ मार्च २०१५ रोजी सर्वांचा दोष कायम ठेवला. मुख्य पाचजणांची दहा वर्षांची शिक्षा तशीच राहिली, बाकीच्यांची दोन वर्षांवर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चौटाला यांची याचिका फेटाळली. २०२१ साली ते शिक्षेतील सवलतीमुळे सुटले आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुरुग्राम येथे त्यांचे निधन झाले. दैवाची थट्टा अशी की इतरांच्या निकालाच्या प्रकरणात तुरुंगवास भोगून आल्यावर, वयाच्या ८६ व्या वर्षी, सिरसा येथे ते स्वतः दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला बसले आणि उत्तीर्ण झाले.

एक खुर्ची, दोन माणसे

मुख्यमंत्र्याला शिक्षा झाली म्हणून हा खटला देशभर गाजला. सामान्य माणसाने मात्र त्यातील दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. दोषी ठरलेल्या ५५ जणांत बहुतेक होते ते जिल्ह्यातील शिक्षण अधिकारी आणि निवड समित्यांचे सदस्य. त्यांनी कट रचला नव्हता. 'वरून' आलेल्या कागदावर त्यांनी सही केली होती. आपल्यावर दबाव होता, नकार दिला असता तर नोकरी धोक्यात आली असती, हा त्यांचा बचाव होता. तो दोन्ही न्यायालयांत टिकला नाही. शिक्षा कमी झाली, कलंक मात्र राहिला. आयुष्यभर सरळ मार्गाने नोकरी केलेला माणूस एका सहीपायी तुरुंगात गेला.

सही नाकारणे शक्यच नव्हते का? याचे उत्तरही याच खटल्यात सापडते. संजीव कुमार यांच्या आधी त्याच संचालकपदावर रजनी शेखरी सिबल या अधिकारी होत्या. याद्या बदलण्यासाठी आपल्यावर दबाव आणला गेला, असे त्यांनी साक्षीत सांगितले. त्यांनी याद्या बदलल्या नाहीत. उलट, त्या ज्या कपाटात ठेवल्या होत्या ते कपाटच त्यांनी कापडाने गुंडाळले, सीलबंद केले आणि त्यावर सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या. त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी संजीव कुमार आले आणि बदललेल्या याद्यांवरचा निकाल त्यांच्याच कारकिर्दीत बाहेर पडला.

खुर्ची एकच. जिने नकार दिला तिला बदली मिळाली, पुढे न्यायालयात तिची साक्ष मोलाची ठरली. ज्याने निकाल बाहेर पडू दिला त्याने तीन वर्षांनी स्वतःहून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तरी त्याला दहा वर्षे शिक्षा झाली. गुन्ह्यात हात गुंतल्यावर तक्रारदार झाले म्हणून हात आपोआप स्वच्छ होत नाहीत. नकार द्यायचा तर तो सहीच्या आधी द्यावा लागतो.

पैसे नाहीत म्हणून गुन्हा नाही?

या खटल्यात जी कलमे लागली ती भारतीय दंडसंहितेतली जुनीच होती: फौजदारी कट, ज्याचे हित सांभाळायचे त्याचीच फसवणूक, मौल्यवान दस्तऐवजाची बनावट आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणे. जोडीला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा होता. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ झाले, मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीचे ४६७ आता ३३८ झाले. गुन्हे मात्र तेच आहेत. फसवणुकीला सात वर्षांपर्यंत, तर मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीला दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कारावासाचीही तरतूद आहे. गुणपत्रिकेला 'मौल्यवान दस्तऐवज' म्हणायचे की साधा दस्तऐवज, यावर वकील वाद घालतात आणि त्यावर शिक्षेचे मान ठरते. पण बनावट ती बनावटच, याबद्दल वाद नाही.

'आम्ही कोणाचे पैसे बुडवले? आकडाच तर बदलला,' असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याला सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच उत्तर दिले आहे. अभयानंद मिश्र विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात आरोपीने आपण पदवीधर शिक्षक असल्याची खोटी प्रमाणपत्रे देऊन पाटणा विद्यापीठाकडे एम. ए. च्या परीक्षेला बसण्याची परवानगी मागितली होती. परवानगी मिळाली, त्याच्या नावे प्रवेशपत्रही निघाले, पण बिंग फुटले आणि परीक्षेला बसताच आले नाही. त्या प्रवेशपत्राची बाजारात किंमत ती काय? तरीही न्यायालयाने म्हटले की परीक्षार्थीच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे, म्हणून ती मालमत्ताच आहे आणि ती लबाडीने मिळवू पाहणे हा फसवणुकीचा प्रयत्न आहे. नुसत्या प्रवेशपत्राची ही कथा, तर उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्याची काय असेल!

परवाना देणारी परीक्षा

काही परीक्षा केवळ पुढच्या वर्गात नेत नाहीत, त्या माणसाला एखादा व्यवसाय करण्याचा परवाना देतात. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या बहुतेकांना २००२ पासून भारतात एक चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. दिल्लीतील राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती घेते. ३०० पैकी १५० गुण मिळाले तरच राज्याच्या वैद्यकीय परिषदेत नाव नोंदवता येते आणि नोंदणी झाली तरच रुग्ण तपासता येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तक्रारीवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने एक गुन्हा नोंदवला. परदेशातून पदवी घेतलेल्या ७३ जणांनी ही परीक्षा उत्तीर्ण न होताच वेगवेगळ्या राज्यांत डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवली, असा आरोप होता. आरोपींत ते ७३ जण तर होतेच, पण १४ राज्य वैद्यकीय परिषदांचे आणि तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेचे अज्ञात अधिकारीही होते. त्या महिन्याअखेर देशात ९१ ठिकाणी झडत्या झाल्या. कोणाचा दोष किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु एक गोष्ट कोणालाही समजेल. शाळेच्या परीक्षेत दहा गुण वाढवले तर एका मुलाची जागा दुसऱ्याला जाते. डॉक्टरच्या परीक्षेत नापासाचा पास झाला तर त्याची किंमत ती आई मोजते, जी तापाने फणफणलेले मूल घेऊन भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून दवाखान्यात बसलेली असते.

महाराष्ट्राचा आरसा

हे सगळे उत्तरेकडचे, असे म्हणण्याची सोय मराठी माणसाला नाही. १९८५ साली मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेत तेव्हाचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येचे गुण वाढवले गेल्याचा आरोप झाला. डॉ. महेश गोसावी यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने प्रतिकूल निष्कर्ष नोंदवताच मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे खंडपीठाने भाषा सौम्य केली, पण ताशेरे पुरते पुसले गेले नाहीत आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते काढून टाकले नाहीत. ती लढाई रिट अर्जाची होती, फौजदारी खटल्याची नव्हती. खुर्ची गेली, तुरुंगाचा प्रश्न आला नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी रोहिणीत लागलेला निकाल पाहिला की काळ किती बदलला ते कळते.

दुसरे प्रकरण अगदी अलीकडचे. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही शिक्षक होण्याचा परवानाच म्हणायला हवी. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने जानेवारी २०२० मध्ये घेतलेल्या परीक्षेत नापास उमेदवारांचे गुण वाढवून त्यांना पात्र ठरवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात पुढे आले. डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेचे तेव्हाचे आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली. निकालाचे काम ज्या खासगी कंपनीकडे होते तिच्या संचालकालाही अटक झाली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे असले, तरी परिषदेने थांबून राहिले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने ७,८७४ उमेदवारांवर कारवाई केली. त्यांची संपादणूक रद्द झाली आणि टीईटीची दारे त्यांना कायमची बंद झाली. यातील कित्येकांनी 'शिक्षक झालो' म्हणून गावात पेढे वाटले असतील.

नवा कायदा काय म्हणतो

पूर्वी फेरफार म्हणजे ब्लेडने खरडणे आणि शाईने गिरवणे. आता उत्तरपत्रिका यंत्र तपासते आणि निकाल संगणकात असतो. उत्तराचे गोल मुद्दाम कोरे सोडून नंतर भरणे, संगणकातील नोंद बदलणे, परीक्षा केंद्रातील संगणक दूरवरून चालवणे असे नवे मार्ग निघाले. २०२१ च्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत दिल्लीजवळच्या सोनीपतमधील केंद्रावर असेच घडल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला होता. अशा ठिकाणी माहिती तंत्रज्ञान कायदाही लागू होतो.

या सगळ्याला एकत्र आवर घालण्यासाठी संसदेने २०२४ साली सार्वजनिक परीक्षांतील गैरमार्ग रोखणारा कायदा केला. २१ जून २०२४ पासून तो लागू आहे. उत्तरपत्रिकेत फेरफार, अधिकार नसताना मूल्यमापन बदलणे, गुणवत्ता यादीच्या कागदपत्रांत ढवळाढवळ आणि संगणक यंत्रणेशी खेळ हे सगळे त्यात स्पष्टपणे गुन्हे ठरवले आहेत. शिक्षा तीन ते पाच वर्षे आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड. टोळीने गुन्हा केला तर पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड. परीक्षा घेणारी कंपनी दोषी ठरली तर तिलाही एक कोटीपर्यंत दंड आणि चार वर्षे कामावर बंदी. सारे गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र आणि तडजोड न होणारे आहेत.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. हा कायदा केंद्रीय लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती मंडळे, बँक भरती संस्था, केंद्र सरकारची खाती आणि राष्ट्रीय परीक्षा संस्था यांच्या परीक्षांसाठी आहे. इतर संस्थांची भर केंद्र सरकार अधिसूचना काढून घालू शकते. दुसरे म्हणजे या कायद्याचा रोख टोळ्या, अधिकारी आणि कंपन्यांवर आहे, परीक्षार्थींवर नाही. त्यामुळे 'मुलाला काही होत नाही' असा गैरसमज पसरू शकतो. परंतु खोटे गुण ठाऊक असून वापरणारा परीक्षार्थी न्याय संहितेतील फसवणूक आणि बनावट कागद वापरण्याच्या कलमांतून सुटत नाही.

पालकांचे काय?

मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरण आठवा. २००८ ते २०१२ या काळात गैरमार्गाने वैद्यकीय प्रवेश मिळवलेल्या ६३४ जणांचे प्रवेश १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दच ठरवले. काहींचे शिक्षण पूर्ण झाले होते. निदान समाजसेवा करायला लावून पदवी राहू द्यावी, असा एक विचार आधी न्यायालयातच मांडला गेला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो स्वीकारला नाही. लबाडीने मिळालेले कितीही वर्षे वापरले तरी ते आपले होत नाही, हा त्याचा अर्थ.

आणि ज्या बापाने जमीन विकून पैसे दिले, त्याचे काय? पूर्वी लाच देणाऱ्याला सहानुभूती मिळे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या आठव्या कलमाने लाच देणारा स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यात एकच खिडकी ठेवली आहे. कोणी लाच देण्यास भाग पाडले असेल आणि त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर त्याला हे कलम लागत नाही. जो स्वतःहून 'माणूस' शोधत गेला त्याला ही खिडकी उघडी नाही.

सरळ मार्ग आहेच

निकालात चूक होऊ शकते, हेही खरे. बेरीज चुकते, एखादे पान तपासायचे राहते. त्यासाठी गुणांची फेरमोजणी आहे, जेथे नियमात सोय आहे तेथे फेरतपासणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आहे. काही स्पर्धा परीक्षांपुरत्या त्याला पुढे मर्यादा आल्या, तरी विचारायला हरकत नाही. फेरमोजणीचा अर्ज आणि फेरफार यांतला फरक सोपा आहे. अर्ज करणारा आपले नाव लिहून, शुल्क भरून, पावती घेऊन मागणी करतो. फेरफार करणारा पावती मागत नाही.

हाच फरक नोकरी करणाऱ्यानेही लक्षात ठेवावा. परीक्षा विभागातील कारकून, परीक्षक, निवड समितीचा सदस्य, संगणकावर गुण भरणारा मुलगा, यांपैकी कोणावरही एक दिवस 'एवढा आकडा बदला' असे सांगण्याची वेळ येऊ शकते. सांगणारा तोंडी सांगतो, कागदावर कधीच देत नाही. तेव्हा लेखी आदेश मागावा, नकार लेखी नोंदवावा, मूळ कागद सुरक्षित ठेवावा. बदली होईल, बढती लांबेल, घरात चार महिने ओढाताण होईल. पण त्या घरातल्या मुलांना बापाला भेटायला तुरुंगाच्या दारात रांग लावावी लागणार नाही.